पंच्याहत्तरी झाली म्हणून पेन्शन करमुक्त होत नाही

रंकाळ्यावर सकाळी फिरणाऱ्या पेन्शनरांत एक समज पक्का आहे: ७५ पूर्ण झाले की टॅक्स नाही. २०२१ च्या बजेटने आयकर कायद्यात कलम १९४पी आणले, तिथून हे सुरू झाले. सवलत होती फक्त रिटर्न भरण्यातून, तीही पेन्शन आणि व्याज एकाच विनिर्दिष्ट (सरकारने ठरवलेल्या) बँकेत असेल आणि त्या बँकेला फॉर्म १२बीबीए हे घोषणापत्र दिले असेल तरच. कर मात्र बँक हिशेब करून कापतेच.

कोल्हापुरात गाडी अडते ती इथेच. पेन्शन राष्ट्रीयीकृत बँकेत आणि ठेवी सहकारी बँकेत, म्हणजे ही सवलत संपली.

२०२५-२६ चा हिशेब बघा. वय ७६, पेन्शन ५,४०,०००, सहकारी बँकेचे व्याज १,२०,०००. जुन्या करपद्धतीत पेन्शनमधून ५०,००० प्रमाणित वजावट (स्टँडर्ड डिडक्शन) आणि व्याजातून कलम ८०टीटीबीचे, म्हणजे ज्येष्ठांना ठेवींच्या व्याजावर मिळणाऱ्या वजावटीचे, ५०,००० गेले, तरी ५,६०,००० उरतात. सेससह कर २२,८८०. नव्या पद्धतीत ८०टीटीबी मिळत नाही, प्रमाणित वजावट मात्र ७५,०००. उत्पन्न ५,८५,००० आणि कलम ८७ए खाली करातच मिळणाऱ्या सवलतीने कर शून्य! जास्त वजावटी म्हणजे कमी कर, हेही दरवेळी खरे नसते.

कर शून्य असला तरी उत्पन्न नव्या पद्धतीच्या ४ लाखांच्या करमुक्त मर्यादेवर आहे, त्यामुळे रिटर्न भरावेच लागते. व्याज लाखावर गेल्याने बँक १० टक्के टीडीएस कापते. ते टाळायला ‘माझा कर शून्य आहे, टीडीएस कापू नका’ असे सांगणारा फॉर्म १५एच २०२५-२६ मध्ये वर्षाच्या सुरुवातीलाच द्यायचा होता. राहिला तर कापलेले १२,००० रिटर्न भरूनच परत मिळतील.

पतीमागे मिळणाऱ्या कुटुंब निवृत्तिवेतनाला प्रमाणित वजावट लागू नाही. तिथे एक तृतीयांश किंवा २५,००० (जुन्या पद्धतीत १५,०००), यांतले कमी असेल ते वजा होते.