एके-४७ : जोकर वाढले की क्रम फिरतो

गणपतीच्या जागरणाला तीन पत्ती मांडली की एक वाद ठरलेला. पोकर खेळणारं कुणीतरी म्हणतंच, "कलर सिक्वेन्सपेक्षा मोठा असतो, तुम्ही उलटं खेळता." कलर म्हणजे एकाच चिन्हाची, पण ओळीने नसलेली पानं; सिक्वेन्स म्हणजे ओळीने येणारी, पण वेगवेगळ्या चिन्हांची. उलटं कुणीच खेळत नसतं. जो हात कमी वेळा जमतो तो मोठा, एवढाच हिशेब आहे. पोकरच्या पाच पानांत कलर ५,१०८ प्रकारे जमतो, सिक्वेन्स १०,२०० प्रकारे. म्हणून तिथे कलर मोठा. तीन पानांत कलर १,०९६ आणि सिक्वेन्स ७२०. पानं कमी झाली आणि पारडं फिरलं.

५२ पत्त्यांतून तीन पानं २२,१०० प्रकारे येऊ शकतात. त्यांत ट्रेल (तीन एक्के, तीन राजे अशी तिन्ही सारखी पानं) फक्त ५२, म्हणजे सरासरी ४२५ हातांत एकदा. प्युअर सिक्वेन्स, म्हणजे एकाच चिन्हाची ओळीने तीन पानं, तर ४८च. हिशेबाने तोच सर्वांत वर हवा, पण रूढीने ट्रेल वर बसली आहे.

घरच्या बैठकीत माझा सर्वांत आवडता प्रकार एके-४७. एक्का, राजा, चार आणि सात, ही सगळी सोळा पानं जोकर, म्हणजे हव्या त्या पानाच्या जागी चालणारी. हातात दोन जोकर आले की तिसरं पान काहीही असो, ट्रेल झालीच. असे हात ४,३२०. तिन्ही जोकर ५६०. एक जोकर आणि एक जोडी ८६४. जोकराशिवायच्या ट्रेल ३६. बेरीज ५,७८०. जी ट्रेल ४२५ हातांत एकदा दिसायची, ती आता जवळजवळ दर चौथ्या हाताला! आणि ज्यात काहीच जमलं नाही असे हात उरतात ४,८६०. म्हणजे सर्वांत मोठा हात सर्वांत लहान हातापेक्षा जास्त वेळा येतो.

अशा वेळी "आज ही जागा लाभतेय" म्हणून कुणी उठायला तयार होत नाही, कुणी पानांवर फुंकर मारतं. जागेत काही नाही. नीट पिसलेल्या पत्त्यांना मागचा डाव आठवत नाही. लाभतात ते सोळा जोकर.

मग क्रम दुरुस्त करावा का? खरी गंमत इथे आहे. एके-४७ मध्ये प्युअर सिक्वेन्स ७१६ वेळाच येतो, तेव्हा त्याला ट्रेलच्या वर बसवू. पण जोकर कशाचा धरायचा हे खेळणारा ठरवतो, आणि तो मोठा हातच धरणार. दोन किंवा तीन जोकर असलेले ४,८८० हात आधी ट्रेल म्हणवत होते, ते आता प्युअर सिक्वेन्स म्हणवतील. प्युअर सिक्वेन्स ५,५९६ होतो आणि ट्रेल उरतात ९००! ज्याला वर बसवाल तोच हात सोपा होतो. साध्या तीन पत्तीत पानं मोजून क्रम लावता येतो. इथे क्रम लावल्यावर मोजणीच बदलते. या दोघांचा क्रम कसाही लावा, वरचा हातच जास्त वेळा येणार.

आम्ही जुनाच क्रम ठेवतो आणि चिंचोक्यांवर खेळतो. पाच जण बसले तर डावाला सरासरी एकाहून जास्त ट्रेल निघतात. त्यामुळे शो मागितल्यावर, म्हणजे पानं उघडायची वेळ आल्यावर, "ट्रेल!" असं ओरडून चिंचोके ओढायला कुणी हात पुढे केला, की बाकीचे आधी विचारतात, "कशाची?"