वदनी कवळ घेता

‘वदनी कवळ घेता’ हा जेवणाच्या आरंभी म्हटला जाणारा चार चरणांचा मराठी श्लोक आहे, आणि पहिला घास तोंडात घालण्यापूर्वी क्षणभर थांबून अन्नाचे स्मरण करण्याची जी रीत महाराष्ट्रात रूढ आहे, तिलाही बोलण्यात याच नावाने ओळखतात. घरातील रोजचे जेवण, सणावारांची आणि लग्नकार्याची पंगत, मठ-मंदिरांतील महाप्रसाद, वसतिगृहे आणि शाळेतील दुपारचा आहार अशा सर्व ठिकाणी तो म्हटला जात आला आहे. रोजच्या व्यवहारातील एका कृतीला सावधपणाची आणि कृतज्ञतेची जोड देणारे इतके सार्वत्रिक दुसरे साधन मराठी समाजात क्वचितच सापडेल. शुभंकरोती सांजवेळेपुरती असते, आरती देवघरापुरती, हा श्लोक मात्र जिथे पान मांडले जाते तिथे पोचतो.

श्लोकाचा प्रचलित पाठ असा :

वदनी कवळ घेता नाम घ्या श्रीहरीचे ।
सहज हवन होते नाम घेता फुकाचे ।
जीवन करि जिवित्वा अन्न हे पूर्णब्रह्म ।
उदरभरण नोहे जाणिजे यज्ञकर्म ॥

परंपरा हा श्लोक समर्थ रामदासांच्या (१६०८–१६८१) नावे सांगते. तो ‘मनाचे श्लोक’मधील आहे असा समज मात्र चुकीचा आहे. मनाच्या २०५ श्लोकांचे वृत्त भुजंगप्रयात आहे, तर हा श्लोक मालिनी वृत्तात, म्हणजे न-न-म-य-य या गणांच्या पंधरा अक्षरी चरणांत बांधलेला आहे. चरणारंभीची सहा अक्षरे लघू असल्यामुळे तो म्हणताना आपोआप धावतो आणि आठव्या अक्षराशी थबकतो. पोरांच्या तोंडी तो चटकन बसतो याचे श्रेय बरेचसे या चालीला द्यावे लागेल. तिसऱ्या चरणातील ‘जीवन’ वृत्तासाठी ऱ्हस्व म्हणावा लागतो, त्यामुळे छापील पाठांत ‘जीवन’ आणि ‘जिवन’ अशी दोन्ही रूपे दिसतात. मनाच्या श्लोकांतही भोजनाविषयी स्वतंत्र श्लोक आहे. ‘जनी भोजनी नाम वाचे वदावे’ असा आरंभ असलेला हा श्लोक हरिचिंतन करीत अन्न सेवन करावे असे सांगतो, आणि पुष्कळ घरांत तो ‘वदनी कवळ’ला जोडूनच म्हणतात. गोंधळ झाला असेल तो बहुधा या जोडणीमुळे.

श्लोकात मांडलेला विचार त्याच्याहून फार जुना आहे. तैत्तिरीय उपनिषदाच्या भृगुवल्लीत वरुणाचा पुत्र भृगू तप करून प्रथम जे जाणतो ते ‘अन्न हे ब्रह्म आहे’ हेच, आणि पुढे त्याच वल्लीत अन्नाची निंदा करू नये, हे व्रत समजावे, असा दंडक घातलेला आहे. पानात वाढलेल्याला नावे ठेवू नयेत अशी जी ताकीद मराठी घरांत आजी नातवंडांना देते, ती या व्रताहून वेगळी नाही. भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायात केवळ स्वतःसाठी रांधणारे पाप खातात असे म्हटले आहे, तर पंधराव्यात भगवंत प्राण्यांच्या देहात वैश्वानर अग्नीच्या रूपाने राहून चतुर्विध अन्न पचवतो असे सांगितले आहे. जठरात अग्नी आहे असे एकदा मानले, की घास ही आहुती ठरते आणि जेवण हा यज्ञ. श्लोकातील ‘सहज हवन’ ते हेच : त्याला वेदी लागत नाही, समिधा लागत नाहीत, पुरोहित लागत नाही. ज्ञानेश्वरांनीही ‘ज्ञानेश्वरी’च्या (१२९०) तिसऱ्या अध्यायात अन्नाला साधारण म्हणू नये, ते विश्वाच्या जीवनाला कारण असल्याने ब्रह्मरूप जाणावे, असे सांगितले आहे, हा विचार तेथून कीर्तन-प्रवचनांच्या वाटेने घराघरांत उतरला.

हा विचार विधीच्या रूपात पूर्वीपासून होताच, पण तो मुंज झालेल्या पुरुषापुरता होता. पान वाढून झाले की उजव्या हातात पाणी घेऊन ते मंत्रपूर्वक पानाभोवती फिरवायचे. दिवसाच्या आणि रात्रीच्या जेवणासाठी मंत्रातील सत्य आणि ऋत या शब्दांची जागा अदलाबदल होते. मग भाताची चिमूटचिमूटभर शिते पानाच्या उजव्या बाजूला जमिनीवर ठेवून चित्र, चित्रगुप्त, यम आणि भूतमात्र यांच्या नावे चित्राहुती घालायच्या. तळहाताच्या खळग्यात पळीभर पाणी घेऊन ‘अमृतोपस्तरणमसि’ म्हणत आपोशन घ्यायचे, आणि त्यानंतर प्राण, अपान, व्यान, उदान व समान या पाच वायूंना उद्देशून तूपभाताचे पाच लहान घास दात न लावता गिळायचे. जेवण संपल्यावर ‘अमृतापिधानमसि’ म्हणून उत्तरापोशन घेतले की विधी पुरा होई. अन्नाच्या खाली पाण्याचे अंथरूण आणि वर पाण्याचेच पांघरूण, अशी त्यामागची कल्पना आहे. आजही श्राद्धाच्या किंवा मुंजीच्या जेवणात, आणि काही घरांत रोजच, चित्राहुती घातल्या जातात. मात्र संस्कृत मंत्र, जानवे आणि सोवळे यांच्या अटी असल्याने स्त्रिया व इतर जातींचे लोक या विधीच्या बाहेर राहिले होते. मराठी श्लोकाने ही अट काढून टाकली. मंत्राच्या जागी नाम आले, आणि ते कोणीही, कोणत्याही वयात, स्नान झालेले असो वा नसो, घेऊ शकतो. हा फरक वाटतो त्याहून मोठा आहे.

श्लोकाचे खरे काम कळायचे तर पंगत पाहावी. केळीचे पान किंवा पत्रावळ मांडली जाते, आणि वाढपी सर्वांत आधी पानाच्या वरच्या टोकाला मीठ वाढतो. त्याच्या डावीकडे लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, लोणचे येते. उजवीकडे भाजी, आमटी. मधोमध भाताची मूद, तिच्यावर वरण आणि शेवटी तुपाची धार, जिला अन्नशुद्धी म्हणतात. हे होईपर्यंत पहिल्या पानावरचा माणूस दहा-पंधरा मिनिटे वाढलेल्या अन्नासमोर नुसता बसलेला असतो. भूक लागलेली असते, वास येत असतो, पण शेवटच्या पानावर तूप पडल्याशिवाय आणि श्लोक झाल्याशिवाय कोणी हात लावत नाही. मग कोणीतरी ज्येष्ठ आवाज देतो, ‘वदनी कवळ’ होते, ‘पुंडलिक वरदा हारि विठ्ठल’ किंवा ‘जय जय रघुवीर समर्थ’ किंवा ‘पार्वतीपते हर हर महादेव’ असा घोष होतो, आणि यजमान हात जोडून ‘सावकाश होऊ द्या’ म्हणतो. जेवण चालू असतानाही लहान मुलांना उभे करून एकेक श्लोक म्हणायला लावण्याची पद्धत होती. अडखळणाऱ्या मुलाला पुढचा शब्द पंगतीतूनच कोणी पुरवी. या साऱ्यात शब्दांइतकेच, किंबहुना काकणभर अधिकच, महत्त्व त्या थांबण्याला आहे. समोर आलेल्या अन्नावर तुटून न पडता ते पाहणे, शेजाऱ्याच्या पानात पडले का याकडे लक्ष असणे, आणि सगळ्यांनी मिळून आरंभ करणे, ही सावधानता श्लोकाचा अर्थ न कळणाऱ्या मुलालाही घडते. शेवटी तृप्त पाहुण्याच्या तोंडून ‘अन्नदाता सुखी भव’ हा आशीर्वाद निघतो आणि पंगत एकदमच उठते.

वारकरी संतांनी हे स्मरण पानापुरते ठेवले नाही, पिकाच्या वाफ्यापर्यंत नेले. अरण (ता. माढा, जि. सोलापूर) येथील सावता माळी (समाधी १२९५) यांना कांदा, मुळा, भाजी ही अवघी विठाबाईच वाटते, लसूण, मिरची आणि कोथिंबिरीतही त्यांना हरी दिसतो. अन्न शिजून पानात येण्याआधीच ते ब्रह्म आहे, असा याचा अर्थ होतो, आणि तो माळ्याच्या तोंडी असल्याने त्याला उपनिषदातल्या वचनापेक्षा मातीचा वास अधिक आहे. विदर्भात हीच शिकवण शेगावच्या गजानन महाराजांच्या प्रकटकथेतून रुजली. संप्रदायाच्या परंपरेनुसार २३ फेब्रुवारी १८७८ रोजी, माघ वद्य सप्तमीला, ते शेगावात प्रथम दिसले ते एका घराबाहेर टाकलेल्या उष्ट्या पत्रावळींवरची शिते वेचून खाताना. त्यांच्या भक्तांत पानात अन्न न टाकण्याचा कटाक्ष या कथेमुळेच आढळतो. ‘खाऊन माजावे, पण टाकून माजू नये’ ही म्हण सर्वत्र ऐकू येते. शेगावच्या भक्ताला मात्र तिच्यामागे एक मूर्ती दिसते.

कृतज्ञता कोणाविषयी, हा प्रश्न या श्लोकासंबंधी पूर्वीपासून अवघड राहिला आहे. श्लोकात श्रीहरी आहे, अन्न आहे, यज्ञ आहे. शेतात राबणारा कुणबी नाही आणि चुलीपुढे बसलेली बाईही नाही. जुन्या मराठी घरात पुरुषांची आणि मुलांची पंगत श्लोक म्हणून जेवून उठे, आणि जिने पहाटेपासून रांधले ती सर्वांत शेवटी, उरलेसुरले घेऊन बसे. तिच्या जेवणाच्या वेळी श्लोक म्हणायला कोणी उरलेले नसे. ही उणीव भरून काढण्याचा एक प्रयत्न श्लोकाच्या दुसऱ्या, आधुनिक रूपात दिसतो. ‘वदनी कवळ घेता नाम घ्या मातृभूचे, सहज स्मरण होते आपुल्या बांधवांचे’ असा त्याचा आरंभ आहे. वृत्त आणि चाल तीच ठेवून त्यात दिवसरात्र राबणारे शेतकरी आणि वस्तू घडवणारे श्रमिक यांचे स्मरण करून अन्न खुशाल सेवावे असे म्हटले आहे, आणि ‘उदरभरण आहे चित्त होण्या विशाल’ असा शेवट केला आहे. मूळ श्लोक हे पोट भरणे नव्हे असे बजावतो. नवा श्लोक हे पोट भरणेच आहे असे मान्य करून त्यातून मन मोठे व्हावे अशी अपेक्षा धरतो. शिबिरे आणि शाळांत हे रूप बरेच म्हटले जाते, काही ठिकाणी दोन्ही श्लोक एकापाठोपाठ होतात. स्वयंपाक करणारी मात्र नव्या रूपातही नावानिशी आलेली नाही.

शेतकऱ्याची स्वतःची कृतज्ञता श्लोकाची वाट पाहत नाही. कोकणात नवान्नाच्या वेळी भाताच्या नव्या लोंब्या आणि आंब्याची पाने दाराला बांधून मगच नवा तांदूळ खातात. लातूर, धाराशिव आणि सोलापूरच्या भागात मार्गशीर्षातील वेळ अमावस्येला, म्हणजे येळवशीला, रानात कडब्याची कोप, म्हणजे लहान खोपटे, करून पूजा मांडतात आणि भज्जी, उंडे, आंबील यांचा नैवेद्य काळ्या आईला दाखवून शिवारातच सगळे जेवतात. त्या दिवशी गावे ओस पडतात.

महाराष्ट्रातील इतर धर्मपरंपरांतही घासाआधीचे स्मरण आहे. मुसलमान घरांत ‘बिस्मिल्लाह’ म्हणून आरंभ आणि ‘अल्हम्दुलिल्लाह’ म्हणून शेवट होतो, वसईच्या ख्रिस्ती घरांत ताटावर प्रार्थना म्हणतात, आणि कोकणातील बेने इस्रायली समाज नवस फिटल्यावर किंवा शुभप्रसंगी पोहे, ओले खोबरे, साखर आणि फळे यांचा मलिदा करून एलियाहू हनवी या प्रेषिताचे स्मरण करतो. बौद्ध परंपरेचा भर निराळा आहे. भिक्षूने भोजनापूर्वी करावयाच्या पाली चिंतनात ‘हे अन्न मी क्रीडेसाठी, मदासाठी किंवा देह सजवण्यासाठी घेत नाही, केवळ शरीर टिकावे म्हणून घेतो’ अशा आशयाचे शब्द आहेत; तेथे देवाचे नाव नाही, आभारही नाहीत, केवळ हेतूची तपासणी आहे. सत्यनारायण गोएंका यांनी १९७६ मध्ये इगतपुरीला सुरू केलेल्या धम्मगिरी केंद्रातील दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरांत साधक आर्य मौन पाळून सकाळी अकराला जेवतात, आणि नव्या साधकाला संध्याकाळी फक्त चहा व थोडे फळ वा चुरमुरे मिळतात. त्या मौनात भाताचा घास किती वेळ चावला जातो हे प्रथमच ध्यानात येते, असे बरेच जण सांगतात. अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी १९७९ पासून रुग्णांसाठी चालवलेल्या ध्यानवर्गांत एकच बेदाणा पाहत, हुंगत, सावकाश खाण्याचा पाठ प्रसिद्ध झाला. ‘वदनी कवळ’ची तुलना अलीकडे या पाठाशी केली जाते. ती काही अंशीच बरोबर आहे. बेदाण्याच्या पाठात खाणारा एकटा असतो आणि लक्ष चवीवर असते. श्लोकात खाणारे अनेक असतात आणि लक्ष चवीपलीकडे वळवलेले असते. ‘अन्न हे पूर्णब्रह्म’ म्हणणाऱ्याने आमटीत मीठ कमी पडले हे बोलून दाखवू नये, अशीच अपेक्षा आहे.

आज या श्लोकाचे सर्वांत भक्कम ठिकाण शाळा हे आहे. केंद्र सरकारने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केलेली आणि २०२१ पासून ‘प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण’ या नावाने चालणारी शालेय आहार योजना मराठी मुलांच्या पिढ्यांना ओळखीची आहे ती व्हरांड्यातल्या रांगेमुळे. ताटात खिचडी पडलेली असते, डोळे मिटायला सांगितलेले असतात, निम्म्यांचे मिटलेले नसतात, आणि शेवटच्या मुलाला वाढून होताच सगळा वर्ग मालिनीच्या चालीत एका दमात श्लोक संपवतो. लग्नकार्यांत मात्र उभ्याने जेवण्याची पद्धत आल्यापासून तो जवळजवळ गेला, कारण जिथे प्रत्येक जण आपापल्या वेळी ताट भरून घेतो तिथे सर्वांनी थांबण्याचा क्षणच येत नाही. घरांतही कामाच्या वेळा निरनिराळ्या झाल्याने तो सणाच्या जेवणापुरता उरला आहे. एरवी काही जण ताटाला हात लावून तो कपाळी नेतात आणि जेवायला लागतात.