'गावात' जाऊन येतो म्हणजे नेमकं कुठं? मेन रोड ते गंगेपर्यंतच्या रस्त्याची पार्श्वभूमी

नाशकात तुम्ही सिडकोत राहा, इंदिरानगरला राहा नाहीतर पार पाथर्डी फाट्याला, घरातून निघताना "गावात जाऊन येतो" म्हटलं की घरच्यांना बरोबर कळतं कुठं ते. मेन रोड, दहीपूल, सराफ बाजार, भांडी बाजार आणि मग उतार लागला की थेट गंगेवर. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो, त्यात काही वेगळं सांगतोय असं आम्हाला वाटतही नाही. हल्ली पुण्यामुंबईची मंडळी शनिवार-रविवार येतात, रात्री कॉलेज रोड, गंगापूर रोड फिरतात, सकाळी मिसळ, दुपारी वायनरी, आणि नाशिक बघून झालं. त्यांचा दोष नाही, त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं की ह्या शहराची रात्र आधी कुठं जागायची, आणि तिथं जे खायला मिळतं ते तसंच का मिळतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की हा रस्ता कुण्या हॉटेलवाल्यानं घडवलेला नाही, तो येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांनी घडवलाय, म्हणजे यात्रेकरू, तांबट, सराफ, नाटकाला आलेले लोक, सगळ्यांनी.

मुघलांच्या काळात नाशिकचं नाव गुलशनाबाद होतं. पुढं अठराव्या शतकात पेशवाई आली आणि गावाचा चेहरा बदलला, वाडे उठले, घाट बांधले गेले, देवळं झाली. नारोशंकर राजेबहाद्दरांनी नदीकाठी देऊळ बांधलं ते १७४७ चं, आणि त्याच्यावरची ती प्रचंड घंटा १७३९ ला चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तिथून आलेली. सराफ बाजाराजवळचा सरकारवाडा पण त्याच काळातला. आता वाडे आले की सराफ येणार, देवळं आली की तांब्यापितळेची भांडी लागणार, पूजेची उपकरणी, गंगाजळ न्यायला गडू, म्हणून तांबट आले आणि तांबट आळी झाली, भांडी बाजार झाला. लहानपणी त्या गल्लीतून जाताना ठोक्यांचा आवाज एवढा असायचा की बोलायचं असेल तर पुढच्या कोपऱ्यापर्यंत थांबायला लागायचं. अजूनही काही दुकानांच्या मागच्या खोलीत ठोके ऐकू येतात, थांबून ऐका एकदा.

दहीपुलाचं तर नावातच दही पण आहे आणि पूल पण. पूल कुठाय असं नवीन माणूस विचारतो कारण डोळ्यांना रस्ताच दिसतो, पण खालून सरस्वती नाला वाहतो, झाकलेला. हे लक्षात ठेवा, पुढं पुराचं सांगताना लागणार आहे.

रेल्वे आली १८६० च्या दशकात, पण स्टेशन झालं गावापासून आठ-नऊ किलोमीटर लांब, आजचं नाशिक रोड. मग यात्रेकरूंनी गावात यायचं कसं, बैलगाडी नाहीतर टांगा. त्यावर उपाय म्हणून १८८९ ला ट्राम सुरू झाली, घोड्यांनी ओढायची ट्राम, नाशकात! मेन रोडवरच्या जुन्या नगरपालिकेच्या इमारतीपासून ते नाशिक रोड स्टेशनपर्यंत. १९३०-३२ च्या आसपास ती बंद पडली. पण चाळीसेक वर्षं सबंध देशातून आलेला माणूस पहिल्यांदा उतरायचा तो मेन रोडला, हातात वळकटी, पोटात भूक, आणि पुढं गंगेवरच्या रामकुंडापर्यंतची चाल. बाजार तिथं वाढला नसता तरच नवल.

आता खाण्याकडे ह्या नजरेनं बघा. नाशिकचा चिवडा एवढा प्रसिद्ध का? कोंडाजीचं नाव तर महाराष्ट्रभर माहितीये, पण कुणाचाही घ्या. मला वाटतं त्याचं कारण साधं आहे, चिवडा कोरडा असतो, आठवडाभर टिकतो, पिशवीत सांडत नाही, यात्रेहून घरी परत जाताना न्यायला ह्याच्यापेक्षा सोयीचं काय. साबुदाणा वड्याचं तसंच. मेन रोडजवळ सायंताराचा वडा खायला आजही गर्दी असते, बाहेरून कुरकुरीत, आत मऊ. तीर्थाच्या गावात रोज कुणाचा ना कुणाचा उपास असतोच, एकादशी, सोमवार, श्रावण, चतुर्थी, म्हणजे उपासाचं गरम खाणं वर्षभर खपणार. हे कुठं लिहून ठेवलेलं नाही, हा माझा अंदाज आहे, पण अर्धा तास त्या रस्त्यावर उभं राहा, तुम्हालाही पटेल.

आणि पाववडा. वडापाव नाही, पाववडा. पाव मधून चिरायचा, आत बटाट्याची भाजी भरायची आणि सबंध पावच बेसनात बुडवून तळायचा. बाहेरची लोकं ह्याला उलटा वडापाव म्हणतात. बुधा हलवायाची जिलबी मात्र जुन्या नाशकातच जाऊन खायची, घरी आणेपर्यंत ती वेगळी होते. मिसळीसोबत जिलबी हे कॉम्बिनेशन बाहेरच्यांना विचित्र वाटतं पण काळ्या मसाल्याच्या रश्श्यानं कानातून धूर निघायला लागला की मग कळतं जिलबी कशासाठी असते. मिसळीबद्दल जास्त लिहीत नाही, त्यावर सगळेच लिहितात. एक सांगतो, नाशकात ती रात्रीची गोष्ट नाही, सकाळची आहे. इथं पहाटे गंगेवर आंघोळीला माणसं येतात, चार-साडेचारला रामकुंड जागं होतं, म्हणून चुली लवकर पेटतात आणि म्हणूनच रात्रही लवकर आवरते. 'नाशकात नाइटलाइफ नाही' असं जे म्हणतात ना, त्यांनी पहाटे पाचला पंचवटीत यावं.

पण रात्र होती, आणि चांगली जागती होती, ती नाटकांमुळे. विजयानंद थिएटरचं नाव इतिहासाच्या पुस्तकात येतं. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री तिथं 'शारदा'चा प्रयोग होता, कलेक्टर जॅक्सनची बदली झालेली म्हणून त्याला निरोप द्यायला ठेवलेला, आणि तिथंच अनंत कान्हेरेंनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या. कान्हेरे तेव्हा अठरा वर्षांचेही नव्हते, एप्रिल १९१० मध्ये ठाण्याच्या तुरुंगात कर्वे आणि देशपांडे ह्या साथीदारांसोबत त्यांना फाशी झाली. सावरकरांची मित्रमेळा ही क्रांतिकारकांची संघटना, पुढं तिचीच अभिनव भारत, हे सगळं ह्याच गल्ल्यांमधलं, तिळभांडेश्वर लेनमधलं. म्हणजे नाटकाला जाणारं, संगीत ऐकणारं, उत्तररात्री घरी परतणारं गाव होतं हे शंभर वर्षांपूर्वीच. टिळकपथावर सार्वजनिक वाचनालय आहे, सावाना म्हणतो आम्ही, ते १८४० चं. त्याच आवारात परशुराम साईखेडकर नाट्यगृह, पुढं शालिमारला कालिदास कलामंदिर. नाटक सुटलं की लोक घरी जात नाहीत, आधी काहीतरी खातात, नाटकाबद्दल भांडतात, मग जातात. दादासाहेब फाळके पण १९१३ ला इथंच येऊन राहिले, इथंच सिनेमे काढले, आणि १९४४ ला इथंच गेले. कुसुमाग्रज तर आमचेच, १९९९ ला गेले तेव्हा अख्खं गाव रस्त्यावर होतं.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाणं बरोबर नाही. ह्या रस्त्यावर सगळ्यांना सारखं चालता येत नव्हतं. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाड पुढं होते, हजारो माणसं मंदिरापर्यंत चालत गेली आणि दरवाजे बंद. तो लढा पुढची चार-पाच वर्षं चालला. आज आपण भेळेच्या गाडीवर खांद्याला खांदा लावून उभे असतो, कोण कुठला कुणी विचारत नाही, हे आपोआप झालेलं नाही. जुन्या नाशकाच्या खाण्याचा इतिहास लिहिताना चिवडा आणि जिलबी लिहायची आणि हे सोडायचं, हे मला जमत नाही.

तसाच दूध बाजार. मेन रोडवरून भद्रकालीकडे वळलं की दहा मिनिटांत तुम्ही दुसऱ्या नाशकात असता. रमजानच्या महिन्यात खरी रात्र बघायची तर तिथं, तरावीह, म्हणजे रमजानमधली रात्रीची नमाज, संपली की गल्ली उजळते, नान, कबाब, मालपुवा, फालुदा, रात्री बारालाही लहान पोरं आई-बापाचं बोट धरून फिरत असतात. आणि गणपतीत विसर्जनाची मिरवणूक निघते तीही ह्याच भागातून, वाकडी बारवेपासून, मग दूध बाजार, भद्रकाली, मेन रोड, धुमाळ पॉइंट करत पुढं. नाशिक ढोल आता अख्ख्या देशात वाजतो, पण धुमाळ पॉइंटच्या अरुंद जागेत, दोन्ही बाजूंना दुकानं आणि मध्ये पन्नास ढोल, तो आवाज छातीत बसतो, मोकळ्या ग्राउंडवर तसा येत नाही.

पुराचं राहिलं. गंगेवर दुतोंड्या मारुती उभा आहे, तोच आमचा मीटर. पाणी मारुतीच्या कमरेला लागलं, छातीला लागलं, गळ्याशी आलं, असंच बोलतात. १९६९ चा महापूर म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून ऐकलाय, २००८ चा पाहिलाय, आणि २ ऑगस्ट २०१६ ला सराफ बाजार, भांडी बाजार पाण्यात गेलेला तर सगळ्यांच्या फोनमध्ये आहे. त्यात सरस्वती नाला आतून फुगतो, म्हणजे कधीकधी नदीच्या आधी नालाच दुकानात येतो. तरी दुसऱ्या दिवशी गाळ उपसून, भांडी घासून उन्हात मांडलेली मी बघितलीयेत, आणि समोर चहावाल्याची टपरी सुरू झालेली.

कॉलेज रोडला कमी लेखायचं नाहीये मला. एचपीटी कॉलेज १९२४ चं, नंतर शेजारी बाकीची कॉलेजं आली, पोरं आली, पोरांच्या मागं कॅफे, मोमो, शॉर्मा आले. १९६० नंतर सातपूर, मग अंबड एमआयडीसी आली, शहर पश्चिमेला सरकलं आणि १९८२ ला महानगरपालिका झाली. द्राक्षं होतीच, २००० च्या सुमारास वाइन आली. रात्र तिकडं गेली हे खरंच आहे. पण ज्या कारणानं गेली ते कारण जुनंच आहे, माणसं जिथं उतरतात तिथं कढई लागते.

वर्षातले दोन दिवस मात्र कॉलेज रोडची पोरंही गावातच येतात. एक धुळवड, तेव्हा इथं रंग नाही, वीर असतात. दाजीबा वीराची मिरवणूक निघते, घराघरातले देव खोबऱ्याच्या वाटीत घेऊन, छोट्या पोरांना नटवून लोक वाजतगाजत रामकुंडावर नेतात. आणि दुसरा रंगपंचमीचा, रहाडींचा. पेशवेकाळापासूनचे दगडी हौद आहेत हे, रस्त्याच्या खाली पुरलेले, तिवंधा, शनी चौक, दिल्ली दरवाजा, जुनी तांबट लेन, प्रत्येक रहाडीचा रंग वेगळा. माझ्या आत्याचा वाडा तिवंध्याजवळ होता. आदल्या दिवशी माती उपसायची, खालचे ओंडके काढायचे, आणि रात्री चौकातच मोठ्या कढयांत फुलं उकळायला ठेवायची. आत्या आम्हाला दहाला झोपवायची आणि आम्ही अकराला गॅलरीत असायचो. वर येणारा तो वाफेचा वास थोडा गोड, थोडा ओल्या लाकडासारखा, खाली काका लोक बनियनवर, लांब दांड्यानं ढवळतायत, कुणीतरी भज्यांचा पुडा आणलाय, पेपर तेलानं पारदर्शक झालेला, तोच पुडा हातोहात फिरतोय. दुपारी पूजा झाली की पहिला मान मानकऱ्यांचा, मग धप्पा, म्हणजे उडी. नवीन शर्ट घालून उडी मारणारे पण असायचे, तो पिवळा काही केल्या जायचा नाही.

संध्याकाळी रहाड परत बुजवायची, ओंडके, वर माती. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेला जाताना त्याच्यावरून रिक्षा गेलेल्या दिसायच्या, आणि कडेला दूधवाल्याची सायकल लावलेली.