इन्फ्रारेड सौना: पेटी कुणाची, नियम कुणाचे

इंदुरात विजयनगरच्या बाजूला गेल्या काही वर्षांत जे स्पा आणि जिम उघडले, त्यांच्या पाट्यांवर मसाज आणि स्टीमच्या जोडीला आता इन्फ्रारेड सौनाही दिसतो. राजेंद्रनगर, सुदामानगरातली आपली मंडळी गुडघे-पाठ धरली म्हणून जातात, कुणी नुसता शिणवटा घालवायला. स्टीम म्हणजे काय हे सांगायला नको. इथे वाफ नसते, हवाही फार तापत नाही. लाकडी केबिनच्या भिंतींत बसवलेल्या कार्बनच्या किंवा सिरॅमिकच्या हीटरमधून उष्णता सरळ अंगावर येते. पॅनेलवरचा आकडा साधारण ४५ ते ६० अंश दाखवतो. फिनलंडच्या तापलेल्या दगडांच्या सौनात तो ७० ते १०० असतो. हे दोन आकडे लक्षात ठेवावेत, पुढचा बराच घोळ त्यांच्यातला आहे.

घाम काढून बरं करणं आपल्याकडे जुनंच. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला १४ वा अध्याय स्वेदाचा. त्यात अग्नीच्या मदतीने द्यायचे १३ स्वेद आहेत. त्यांपैकी जेंताक स्वेदासाठी मध्ये भट्टी असलेलं गोल घर बांधायला सांगितलंय आणि भिंतीला लागून ओटा. रोग्याला आत पाठवताना दिलेली ताकीद आजच्या कुठल्याही स्पाच्या सूचनाफलकापेक्षा सरस आहे: घेरी आली तरी ओटा सोडू नकोस, सोडलास तर दार सापडणार नाही, ओट्याच्या कडेकडेनेच दाराशी ये, बाहेर पडल्या पडल्या डोळ्यांना गार पाणी लावू नकोस. स्वेद कुणाला द्यायचा नाही त्या यादीत गर्भिणी, रोज मद्य घेणारे, अतिसाराचे आणि मधुमेहाचे रोगी आहेत. बाळंतिणीच्या शेकशेगडीबद्दल घरोघरच्या आज्यांची मतं वेगळी होती आणि ती त्या सहसा बदलत नसत.

‘इन्फ्रारेड’चा इतिहास त्यामानाने तोकडा. १८०० साली इंग्लंडमध्ये एका खगोलशास्त्रज्ञाने लोलकातून पडलेल्या रंगपट्ट्यात थर्मामीटर ठेवले. तांबड्याच्या पलीकडे, जिथे उजेड दिसत नव्हता, तिथला पारा सगळ्यांत वर गेला. १८९० च्या दशकात अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या एका डॉक्टरने विजेच्या दिव्यांनी भरलेलं कपाट रोग्यांना बसायला दिलं. त्याचा भर प्रकाशावर होता, पण तशा दिव्यातून उजेड थोडा निघतो आणि उष्णताच जास्त, म्हणजे रोगी बसत होते ते बहुतेक इन्फ्रारेडमध्येच. पुढे ती कपाटं मागे पडली. फिजिओथेरपीच्या दवाखान्यातला शेकाचा लाल दिवा मात्र टिकला.

आजच्या केबिनला वैद्यकीय वजन मिळालं ते जपानमुळे. १९८० च्या दशकाच्या शेवटी कागोशिमातल्या डॉक्टरांनी हृदय कमजोर झालेल्या रोग्यांना इन्फ्रारेड केबिनमध्ये बसवायला सुरुवात केली. तोवर अशा रोग्याला गरम पाण्याच्या टबापासूनही लांब ठेवत. त्यांनी पद्धत अगदी आखून दिली: केबिन ६० अंशांवर, आत १५ मिनिटं, बाहेर आल्यावर चादरी-पांघरुणांत गुंडाळून ३० मिनिटं पडून राहायचं. आधी वजन, नंतर वजन, आणि जेवढं घटलं तेवढं पाणी प्यायचं. शरीराचं आतलं तापमान सुमारे एका अंशाने चढावं, एवढाच हेतू. ही उष्णता ‘सुखावणारी’ हवी, सोसायची नव्हे, हे पद्धतीच्या ‘वाओन’ या जपानी नावातच होतं. २०१६ मध्ये अनेक रुग्णालयांनी मिळून केलेल्या चाचणीचे निकाल आले. रोग्यांचं चालण्याचं अंतर वाढलं, लक्षणं हलकी झाली. पण ज्या रक्ततपासणीवर मुख्य निकाल ठरायचा होता, तिच्यात केबिनमध्ये बसलेल्या आणि न बसलेल्या गटांत ठळक फरक दिसला नाही. जाहिरातीत पहिलं वाक्य येतं, दुसरं गाळलं जातं.

पण त्याहून मोठी उसनवारी २०१५ ची. त्या वर्षी पूर्व फिनलंडमधल्या ४२ ते ६० वयाच्या २,३१५ पुरुषांचा सुमारे २० वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध झाला. आठवड्यातून एकदा सौना घेणाऱ्यांच्या तुलनेत चार ते सात वेळा घेणाऱ्यांमध्ये हृदय अचानक थांबून येणारे मृत्यू ६३ टक्क्यांनी कमी आढळले. आकडा जबरदस्त आहे आणि तो जगभर फिरला. इंदूरच्या पत्रकांतही ‘हृदयविकार ६३ टक्के कमी’ अशा थाटात तो वाचायला मिळतो, इन्फ्रारेड केबिनच्या फोटोखाली.

यात तीन गोष्टी दडपल्या जातात. एक, त्या पुरुषांचा सौना दगडांचा होता, सरासरी तापमान ७९ अंश. त्यात इन्फ्रारेड केबिन नव्हती. दोन, हे निरीक्षण होतं, प्रयोग नव्हता. आठवड्यातून चार-पाच वेळा निवांत सौनात बसू शकणारा माणूस मुळातच धडधाकट असण्याची शक्यता असते. संशोधकांनी हिशेबात घेऊनही ती पूर्ण पुसली जात नाही. तीन, ही माणसं लहानपणापासून सौनात वाढलेली. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी पॅकेज घेऊन पहिल्यांदा आत बसणाऱ्याला त्यांचा हिशेब लावणं म्हणजे भोपाळच्या रेल्वे टाइमटेबलवर खंडव्याची गाडी पकडणं. बचाव म्हणून विक्रेते सांगतात, उष्णता ती उष्णता. आणि हे सगळंच्या सगळं खोटंही नाही. घाम येतो, नाडी वाढते, रक्तवाहिन्या सैलावतात, हे दोन्हीकडे घडतं. किती प्रमाणात आणि किती टिकाऊ, यावर फिनलंडचा आकडा इथे वापरता येत नाही.

‘किरणं आत दोन इंच शिरतात’ हा दावाही असाच. केबिनमध्ये बहुतेक वेळा ‘दूरचं’ म्हणजे लांब लहरींचं इन्फ्रारेड असतं, ते कातडीतल्या पाण्यात मिलिमीटरच्या अंशातच शोषलं जातं. पुढची ऊब नेतं रक्त. आणि घामावाटे विष निघण्याबद्दल बोलायचं तर घाम म्हणजे जवळपास सगळं पाणी आणि थोडं मीठ; ते काम यकृताचं आणि मूत्रपिंडांचं.

२०२० मध्ये जिम-स्पा बंद पडले आणि घरगुती तंबू, सौना-पांघरुणं यांना भाव आला. जपानी पद्धतीतल्या दोन गोष्टी त्यात सुटल्या: लक्ष ठेवणारं माणूस आणि आधी-नंतरचं वजन. पांघरुणात हीटर अंगालाच टेकतो. मधुमेहाने पावलांची जाणीव कमी झालेल्याला चटका बसलेला कळतच नाही. घरात लाकडी केबिन बसवायची तर ती गिझरइतकी वीज खाते. तिला अर्थिंग असलेला पॉवर प्लग हवा, एक्स्टेन्शन बोर्ड नव्हे.

मालव्यातली रात्र कितीही गार असो, मे महिन्यातली दुपार चाळिशी ओलांडते. लूमधून स्कूटरवर आलेला माणूस आधीच कोरडा पडलेला असतो. जिमचा घाम वाळायच्या आत केबिनमध्ये शिरणारेही तसेच कोरडे असतात, आणि एकादशीच्या उपवासात केबिनमध्ये बसणाऱ्यांची गोष्ट वेगळी नाही. नवख्याने ४५ अंशांवर ८-१० मिनिटांनी सुरुवात करावी, १५-२० च्या पुढे जाऊ नये, जवळ पाणी असावं, उठताना सावकाश उठावं. दारू घेऊन अजिबात नाही. गरोदरपणी, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, नको. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी आणि छातीत कळ येणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बसू नये.

स्पाच्या फॉर्मवर ‘बीपी आहे का’ एवढं तरी असतं. औषधांचं सहसा विचारत नाहीत. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी पाणी आधीच कमी झालेलं असतं, बीपीच्या काही गोळ्यांनी नाडी हवी तेवढी वाढत नाही, सर्दीच्या काही जुन्या गोळ्या घाम अडवतात. तीव्र वेदनांसाठी कातडीवर चिकटवतात त्या फेंटानिलच्या पट्टीवर उष्णता पडली की औषध भराभर रक्तात उतरतं. ती लावलेली असेल तर केबिनमध्ये बसायचंच नाही.