आजी-आजोबा आणि नातवंडांना घेऊन टेनेसी: मोटारीने निघण्याआधी वाचायचं माहितीपत्रक

नमस्कार.

टेनेसीच्या सहलीची चौकशी करणारी बरीच कुटुंबं आमच्याकडे येतात. मुलगा किंवा लेक अटलांटाला, शार्लटला नाहीतर थेट नॅशव्हिललाच नोकरीला असते. पुण्याहून किंवा नाशिकहून आई-बाबा काही महिन्यांसाठी आलेले असतात आणि मागच्या सीटवर तीन-चार वर्षांचं नातवंड असतं. सुट्टी जेमतेम पाच दिवसांची, पण आमच्या हातात येणारी यादी दहा दिवसांची. ती यादी कशी आणि का कमी करायची, हे समोरासमोर बोलण्याआधी शांतपणे वाचता यावं म्हणून हे पत्रक काढलं आहे.

आमचं सांगणं एकच आहे. दिवसाचा बेत गाडीतल्या सगळ्यांत वयस्कर आणि सगळ्यांत लहान माणसाकडे बघून ठरवा. बाकीचे त्यात आपोआप सामावतात. उलटं केलं तर तिसऱ्या दिवशी आजोबा म्हणतात, "तुम्ही जाऊन या, मी हॉटेलवर बसतो." हे वाक्य ऐकायची वेळ कुणावर येऊ नये, असं आम्हाला मनापासून वाटतं.

आधी नकाशा पसरा

टेनेसी हे राज्य पूर्व-पश्चिम लांबच लांब पसरलेलं आहे. राज्याच्या झेंड्यावर तीन तारे आहेत: पश्चिम, मध्य आणि पूर्व टेनेसी. हे तीन भाग खरोखरच वेगळे आहेत. पश्चिमेला मिसिसिपी नदीकाठची सपाटी आणि मेम्फिस, मध्ये टेकड्या आणि नॅशव्हिल, पूर्वेला डोंगर. मेम्फिस ते डोंगराच्या पायथ्याचं गॅटलिनबर्ग हे अंतर सुमारे ४३० मैल, म्हणजे ६९० किलोमीटर. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे, त्यावरून अंदाज घ्या. बहुतेक इंटरस्टेट ४० या एकाच रस्त्याने सात तासांत हे अंतर कापता येतं. पण सात तास गाडीत बसलेल्या आईचे गुडघे दुसऱ्या दिवशी काय म्हणतात, ते तिलाच विचारा.

म्हणून पाच दिवस असतील तर तीनपैकी दोनच भाग निवडा. अटलांटाहून निघणाऱ्यांनी मेम्फिसचा मोह सोडावा. चॅटानूगा दोन तासांवर आहे, तिथे एक मुक्काम करून पुढे स्मोकी पर्वत. मेम्फिस बघायचंच असेल तर ते आणि नॅशव्हिल अशी जोडी लावा. मधलं अंतर सव्वातीन तासांचं आहे. तिन्ही भाग हवे असतील तर निदान आठ दिवस काढा. विमानाने मेम्फिसला उतरून नॉक्सव्हिलहून परतता येतं, पण गाडी एका गावात घेऊन दुसऱ्या गावात सोडली की भाड्याखेरीज वेगळी रक्कम पडते. ती आधी विचारून घ्या, कधीकधी ती भाड्याच्या बरोबरीची निघते.

रस्त्याबद्दल दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक म्हणजे इथे बाहेर पडायच्या फाट्यांचे क्रमांक मैलांवरून दिलेले असतात. मेम्फिसकडून आकडे वाढत जातात, त्यामुळे तुम्ही १४३ क्रमांकाच्या फाट्याजवळ असाल आणि नॅशव्हिलचं उतरणं २०९ ला असेल, तर साधारण ६६ मैल उरले. नातवंडांना हे गणित शिकवून ठेवलं की "अजून किती?" या प्रश्नाचं उत्तर तीच देतात. दुसरी म्हणजे वेळ. मेम्फिस आणि नॅशव्हिल एका वेळेवर चालतात, चॅटानूगा आणि नॉक्सव्हिल तासभर पुढे. नॅशव्हिलहून पूर्वेकडे जाताना क्रॉसव्हिल मागे पडलं की दिवसातला एक तास कमी होतो. मोबाइल स्वतःच वेळ बदलतो, गाडीतलं घड्याळ बहुधा बदलत नाही. आमच्याकडच्या एका कुटुंबाचं संध्याकाळच्या कार्यक्रमाचं पाच तिकिटांचं आरक्षण याच एका तासापायी वाया गेलं. तेव्हापासून आम्ही प्रत्येक दिवसाच्या कागदावर त्या-त्या गावाची वेळ ठळक लिहितो.

टेनेसीत टोलनाके नाहीत. राज्याच्या सीमांवरची स्वागतकेंद्रं आणि महामार्गालगतचे विश्रांतीथांबे फुकट आहेत, स्वच्छतागृहं चांगली असतात आणि डबा उघडून बसायला बाकं मिळतात. दीड-दोन तासांनी एक थांबा आम्ही धरूनच चालतो.

मेम्फिस

इथे लोक एल्व्हिस प्रेस्लीच्या घरासाठी येतात. ग्रेसलँड त्याने १९५७ साली घेतलं, १९७७ मध्ये तो तिथेच वारला आणि १९८२ पासून घर लोकांना बघायला खुलं आहे. घरात कुणाला त्याची गाणी आवडत असतील तर जरूर जा. तिकीट महाग आहे, गाणी ठाऊक नसतील तर नाही गेलात तरी चालेल.

पण लोरेन मोटेल चुकवू नका. ४ एप्रिल १९६८ रोजी या मोटेलच्या ३०६ क्रमांकाच्या खोलीबाहेरच्या सज्जात मार्टिन ल्यूथर किंग यांना गोळी घातली गेली. आता तिथे नागरी हक्कांचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. सज्जावर पुष्पचक्र असतं आणि खोली त्या दिवशी होती तशी राखली आहे. किंग १९५९ साली भारतात आले होते आणि मुंबईत गावदेवीच्या मणिभवनात, गांधीजी जिथे उतरत त्या वास्तूत राहिले होते. मणिभवन पाहिलेल्या आजी-आजोबांनी ही खोली पाहावी आणि नातवंडांना दोन्ही जागांचं नातं स्वतः सांगावं, असं आम्हाला फार वाटतं. तीन तास ठेवा. काही चित्रं आणि चित्रफिती लहान मुलांना जड जातात, तेव्हा आत जाण्याआधी चार शब्द समजावून सांगा. संग्रहालय आठवड्यात काही दिवस बंद असतं. तुमच्या तारखा आल्या की तो वार आम्ही तपासतो.

त्या जड दुपारनंतर मुलांना पीबॉडी हॉटेलात न्या. तिथली बदकं रोज सकाळी ११ वाजता लिफ्टने खाली येऊन लाल गालिच्यावरून कारंज्यापर्यंत चालत जातात आणि संध्याकाळी ५ वाजता तशीच परत जातात. पैसे पडत नाहीत. अर्धा तास आधी पोचा, नाहीतर मुलांना फक्त मोठ्यांच्या पाठी दिसतात.

नॅशव्हिल आणि चॅटानूगा

नॅशव्हिलचं नाव गाण्यांमुळे आहे. ग्रँड ओल ऑप्री हा रेडिओवरचा कार्यक्रम १९२५ पासून चालू आहे. डाउनटाउनच्या गर्दीत रात्री लहान मुलांना नेऊ नका, दुपारी चक्कर मारली तरी गाणं कानावर पडतंच. आमची पसंती सेंटेनिअल पार्कला. तिथे अथेन्सच्या पार्थेनॉन या प्राचीन मंदिराची मूळ आकाराची प्रतिकृती आहे. १८९७ च्या प्रदर्शनासाठी ती उभारली आणि पुढे काँक्रीटमध्ये पक्की बांधली. आत सोन्याचा मुलामा दिलेली सुमारे ४२ फुटी अथेना देवीची मूर्ती उभी आहे. भोवती मोठी हिरवळ आहे, त्यामुळे मुलं पळतात आणि आजी बाकावर निवांत बसते. शहराच्या पश्चिमेला बेलव्ह्यू भागात श्रीगणेश मंदिर आहे. मेम्फिसकडून येताना शहरात शिरण्याआधीच ते लागतं. आई-बाबा बरोबर असतील तर ते आम्ही विचारल्याशिवायच बेतात घालतो.

नॅशव्हिलहून चॅटानूगाला जाताना माँटीगलचा घाट लागतो. उतार मोठा आहे आणि ट्रक जड असतात, तेव्हा अंतर राखून उतरा. चॅटानूगात नदीकाठचं मत्स्यालय पावसातही बघता येतं. जवळच लुकआउट पर्वतावर चढणारी १८९५ ची खड्या उताराची रेल्वे आणि डोंगराच्या पोटातला रूबी धबधबा आहे. धबधब्यापर्यंत अरुंद गुहेतून चालत जावं लागतं. दम्याचा किंवा बंद जागेचा त्रास असणाऱ्यांनी वर थांबावं.

स्मोकी पर्वत

अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांत सगळ्यांत जास्त माणसं इथे येतात. उद्यानात शिरायला पैसे नाहीत, पण मार्च २०२३ पासून कुठेही १५ मिनिटांपेक्षा जास्त गाडी उभी करायची तर पासची चिठ्ठी लावावी लागते: दिवसाला ५ डॉलर, आठवड्याला १५. चिठ्ठी आधीच घेऊन काचेवर लावा. उद्यानात पेट्रोल पंप नाही आणि मोबाइलला बहुतेक ठिकाणी नेटवर्क नाही. टाकी भरून निघा, नकाशा आदल्या रात्री मोबाइलमध्ये उतरवून ठेवा आणि आमचा छापील कागद गाडीत असू द्या.

इथल्या सगळ्यांत उंच माथ्याला अनेक वर्षं क्लिंगमन्स डोम म्हणत. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याला इथल्या मूळनिवासी चेरोकी लोकांनी दिलेलं नाव परत मिळालं: कुवोही, म्हणजे तुतीची जागा. उंची ६,६४३ फूट. गाडी जवळपर्यंत जाते, पण शेवटचा अर्धा मैल खडा चढ आहे. रस्ता डांबरी असला तरी दम लागतो. ज्यांना जमणार नाही त्यांच्यासाठी वाहनतळावरूनच दिसणारं दृश्य पुरेसं सुंदर आहे, खंत वाटू देऊ नका. खाली घाम येत असला तरी वर स्वेटर लागतो. डिसेंबर ते मार्च हा रस्ता बंद असतो.

चेरोकी लोकांबद्दल मुलांना एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. याच भागात जन्मलेल्या सेक्वोयाने १८२१ च्या सुमारास आपल्या भाषेसाठी लिपी घडवली. तिच्यात एका खुणेला एक अक्षर, म्हणजे व्यंजन आणि स्वर मिळून. बाराखडी शिकलेल्या मुलाला ते चटकन समजतं. पुढे १८३८ मध्ये याच लोकांना बंदुकीच्या धाकाने पश्चिमेला हाकललं गेलं आणि वाटेत हजारो माणसं मेली. हे डोंगर बघताना तेही ठाऊक असावं.

केड्स कोव्ह ही डोंगरांनी वेढलेली दरी. तिच्याभोवती ११ मैलांचा एकेरी रस्ता आहे. अकरा मैल म्हणजे अर्धा तास, असा हिशेब करू नका. हरणं, टर्की आणि अस्वलं दिसली की पुढच्या गाड्या थांबतात, त्यामुळे दोन ते चार तास लागतात. उजाडताच जा. गेली काही वर्षं मे ते सप्टेंबर दर बुधवारी हा रस्ता गाड्यांना बंद आणि सायकलींना खुला असतो. अस्वलापासून निदान ५० यार्ड, म्हणजे १५० फूट लांब राहणं हा कायदा आहे. चिवडा, लाडू, सालं, काहीही बाहेर टाकू नका. माणसांच्या खाण्याची चटक लागलेल्या अस्वलाला पुढे जीव गमवावा लागतो.

पानांचे रंग बघायचे तर उंचावर ऑक्टोबरच्या सुरुवातीला आणि खाली महिनाअखेरीला. पण त्या शनिवार-रविवारी पिजन फोर्ज ते गॅटलिनबर्ग हा छोटा रस्ता तासतास हलत नाही, म्हणून आम्ही सोमवार ते गुरुवार सुचवतो. मुलांसाठी पिजन फोर्जला डॉलीवूड हे मनोरंजन उद्यान आहे. गायिका डॉली पार्टन याच परिसरात गरिबीत वाढली आणि १९९५ पासून तिची संस्था लहान मुलांना दरमहा एक पुस्तक घरपोच फुकट पाठवते.

राहायला आम्ही लाकडी घर सुचवतो, कारण त्यात स्वयंपाकघर असतं. मात्र घरापर्यंतचा रस्ता किती खडा आहे ते आरक्षणाआधी विचारून घेतोच. दाराच्या कुलुपाचा कोड कागदावर लिहून ठेवा, डोंगरात मोबाइल चालेलच असं नाही. आणि फोडणी करताना पंखा लावून खिडकी उघडा. मोहरी-जिऱ्याच्या धुराने छताचा भोंगा वाजतो आणि झोपलेलं बाळ घाबरून उठतं.

शाकाहारी असाल तर

इथे भाजी म्हणजे शाकाहारी असं समजू नका. पालेभाज्या आणि घेवडा डुकराच्या मांसाच्या तुकड्याबरोबर तासन्‌तास शिजवण्याची रीत आहे. सकाळच्या बिस्किटांवरची (इथे बिस्किट म्हणजे मऊ पाव) पांढरी ग्रेव्ही बहुधा सॉसेजची असते, मक्याच्या पावात कधीकधी चरबी असते. म्हणून "शाकाहारी आहे का?" एवढंच विचारून थांबू नका. "यात बेकन, हॅम किंवा प्राण्यांची चरबी घातली आहे का?" असं विचारा. लोक अगत्यशील आहेत, आत जाऊन विचारून येतात. तळलेली भेंडी, हिरव्या टोमॅटोचे काप आणि मक्याच्या रव्याचे ग्रिट्स विचारून घेतले तर आजींनाही आवडतात. ग्रिट्सवर घरून नेलेली मेतकुटाची चिमूट टाकून बघा.

गाडी चालवणाऱ्यासाठी

भारतीय परवान्यावर गाडी घेणार असाल तर मूळ परवाना आणि निघण्यापूर्वी आरटीओतून काढलेला आंतरराष्ट्रीय परवाना, दोन्ही जवळ हवेत. क्रेडिट कार्ड चालवणाऱ्याच्याच नावाचं लागतं आणि दुसरा चालक असेल तर त्याचं नाव नोंदवा. भारतातलं कार्ड पंपावर झिप कोड (पत्त्याचा पिन कोड) मागितला की अडतं, तेव्हा आत गल्ल्यावर जाऊन पैसे भरा.

एक वर्षाखालच्या किंवा २० पौंडांपर्यंतच्या बाळाची खुर्ची मागे तोंड करून बसवायची, तीन वर्षांपर्यंत पट्ट्यांची खुर्ची, चार ते आठ वर्षांच्या आणि ४ फूट ९ इंचांहून कमी उंचीच्या मुलांना उंच बैठक. हा टेनेसीचा कायदा आहे. "आजीच्या मांडीवर बसेल" हे तिथे चालत नाही आणि चालूही नये. गाडी चालवताना मोबाइल हातात धरायला बंदी आहे. पाऊस आला की दिवे लावायचे. शाळेची बस थांबून लाल दिवे लावते तेव्हा मधे दुभाजक नसेल तर दोन्ही बाजूंच्या गाड्यांनी थांबायचं.

मार्च ते मे हा टोर्नेडोंचा, म्हणजे जमिनीवरून फिरत जाणाऱ्या भोवऱ्यासारख्या वादळांचा काळ, आणि इथली वादळं पुष्कळदा रात्री येतात. इशारा काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारख्या भागाच्या) नावाने दिला जातो, म्हणून रोज मुक्कामाची काउंटी कोणती ते माहीत असावं. ती आम्ही कागदावर लिहून देतो. इशारा आला की खालच्या मजल्यावर, खिडकी नसलेल्या खोलीत जायचं. सप्टेंबर २०२४ च्या हेलीन वादळाने नॉर्थ कॅरोलायनाच्या सीमेजवळ इंटरस्टेट ४० वाहून नेला. मार्च २०२५ मध्ये तो दोन्ही दिशांना एकेका पदरीने खुला झाला. शार्लटकडून येणाऱ्यांनी त्या घाटासाठी जास्तीचा वेळ धरावा.

आम्हाला काय कळवाल

प्रत्येकाचं वय, कुणाला किती पायऱ्या चढवतात, कुणाची औषधं कुठल्या वेळेला, मुलाची दुपारची झोप, उपास-तापास, कांदा-लसूण, गाडी कोण चालवणार आणि रात्री चालवण्याची सवय आहे का, एवढं लिहून पाठवा. प्रेक्षणीय स्थळांची यादी नंतर द्या. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही बंद रस्ते आणि हवामान तपासून एक निरोप पाठवतो. तो वाचूनच गाडी काढा.