मागच्या ॲक्सलखाली पाटे ठेवावेत की कॉइलओव्हर बसवावेत?

जुनी बोलेरो, २०२० पूर्वीची थार किंवा जिप्सी बाळगणाऱ्यांच्या मनात कधी ना कधी हा प्रश्न येतोच की, मागचे पाटे (पोलादी पट्ट्या एकावर एक रचलेली लीफ स्प्रिंग) काढून त्या जागी कॉइलओव्हर बसवले तर खड्ड्यांत बसणारे दणके कमी होतील का. दणके कमी होऊ शकतात, परंतु पाटे आणि कॉइलओव्हर या दोन वस्तू एकमेकींच्या जागी जशाच्या तशा बसणाऱ्या नाहीत, कारण पाटा वजन पेलणे आणि ॲक्सल जागेवर धरणे ही दोन कामे करतो आणि कॉइलओव्हर त्यांपैकी पहिलेच करतो. निर्णय घेण्यापूर्वी हा फरक लक्षात घेतला नाही, तर खर्च होतो आणि गाडीही बिघडते.

त्याआधी कॉइल आणि कॉइलओव्हर यांतील गल्लत दूर केली पाहिजे. स्कॉर्पिओच्या मागे कॉइल स्प्रिंग आहे, पण कॉइलओव्हर नाही. तेथे स्प्रिंग एका जागी आणि हेलकावे आवरणारा शॉकअप दुसऱ्या जागी असतो. कॉइलओव्हरमध्ये स्प्रिंग शॉकअपच्याच अंगावर चढवलेली असते, दोघांचा अक्ष एक असतो आणि स्प्रिंगचे खालचे बूड आटे पाडलेल्या नळीवर फिरवून वरखाली करता येते. स्प्लेंडर मोटारसायकलच्या मागच्या चाकाजवळ दोन्ही बाजूंना स्प्रिंग अशीच शॉकअपवर चढवलेली दिसते, फक्त तेथे आट्यांऐवजी पायऱ्यांचे कडे असते. मागे दोघे बसणार असले की खाचेचा पाना लावून जे कडे फिरवतात, ते हेच. हे कडे फिरवल्याने स्प्रिंग कडक होते असा समज सर्वत्र आहे, परंतु सरळ वळ्यांच्या स्प्रिंगचा कडकपणा त्याने बदलत नाही. वजन पेलताना गाडीची उंची तेवढी बदलते.

आता ॲक्सलकडे, म्हणजे दोन्ही मागची चाके ज्याच्या टोकांना असतात त्या आसाकडे वळू. पाट्याचा पुढचा डोळा, म्हणजे टोकाचे वेटोळे, चेसीला (गाडीच्या सांगाड्याला) बोल्टने घट्ट धरलेला असतो, मागचा डोळा शॅकल नावाच्या कडीवर झुलता असतो आणि मधोमध यू-बोल्टांनी ॲक्सल आवळलेला असतो. ब्रेक लावल्यावर ॲक्सल मागे खेचला जातो, क्लच सोडल्यावर तो गाडीला पुढे ढकलतो, वळणावर तो आडवा सरकू पाहतो, आणि हे सारे जोर तोच पाटा पेलतो. स्प्रिंगला मात्र फक्त दबणे आणि उघडणे ठाऊक असते. म्हणून पाटे काढल्यावर ॲक्सलला पुढेमागे धरण्यासाठी आणि फिरू न देण्यासाठी दोन्ही बाजूंचे लांब दांडे, आडवे सरकू नये म्हणून एक आडवा दांडा, त्यांचे ब्रॅकेट, त्यांच्या टोकांतील बुश (रबरी नळ्या) आणि हे सारे योग्य कोनात जोडणारे वेल्डिंग इतके सामान लागते. ‘किट मागवले, बोल्ट लावले, झाले’ असे जे सांगतात, त्यांनी एक तर दांडे आधीपासूनच असलेली गाडी पाहिलेली असते, किंवा पाटे तसेच ठेवून वर कॉइलओव्हर लावलेली.

दुसरी अडचण वरच्या टोकाची आहे आणि माझ्या मते ती अधिक घातक आहे. पाट्याच्या गाडीत शॉकअपचा वरचा बोल्ट गाडीचे वजन कधीच उचलत नाही. तो केवळ हेलकावे आवरण्याचा जोर सोसतो. गाडीचे वजन पाट्यांच्या दोन टोकांवरून चेसीत उतरते, म्हणजे मागच्या भागाचा भार चार ठिकाणी वाटला जातो. कॉइलओव्हर बसवताच तो सारा भार शॉकअपच्या त्या दोन बोल्टांवर येतो, आणि खड्ड्यात चाक आदळले की तो क्षणात कितीतरी पटींनी वाढतो. तेथे नवा जाड आडवा पाइप घालून चेसीला बळकटी दिली नाही, तर ब्रॅकेट फाटणे ही केवळ वेळेची बाब उरते.

जागा नसल्यामुळे कॉइलओव्हर तिरका बसवण्याची पद्धतही महागात पडते. तो उभ्या रेषेपासून ३० अंश कलला तर चाकाला मिळणारा कडकपणा एक चतुर्थांशाने घटतो, आणि ४५ अंशांवर निम्माच उरतो. शिवाय दोन्ही कॉइलओव्हर चाकांपासून आत, एकमेकांच्या जवळ सरकले की गाडी वळणावर अधिक झुकते. दोघांमधले अंतर निम्मे केले तर त्यांचा झुकण्याला होणारा विरोध एक चतुर्थांशावर येतो. चिखलदऱ्याचा घाट माणसांनी भरलेल्या बोलेरोतून चढणाऱ्यांना या हिशेबाचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

परंतु विदर्भाच्या गावखेड्यांत खरा निवाडा भाराचा आहे. येथील पिकअप सकाळी रिकामी निघते, दुपारी सोयाबीनचे कट्टे घेऊन बाजार समितीच्या यार्डात उभी राहते आणि संध्याकाळी पुन्हा रिकामी परतते. समजा, ६० किलोचे २० कट्टे भरले, म्हणजे १,२०० किलो, आणि त्यांतील १,००० किलो मागच्या ॲक्सलवर आले. दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा मिळून दर सेंटिमीटरला ८० किलो पेलत असतील, तर गाडी साडेबारा सेंटिमीटर खाली बसेल आणि बहुतेक वेळा रबरी टेकणावर आदळत चालेल. ती ५ सेंटिमीटरच बसावी असे वाटत असेल, तर स्प्रिंग २०० किलोची, म्हणजे अडीचपट कडक लागेल. मग रिकाम्या गाडीत त्या ॲक्सलवर ४०० किलो उरले, की मागची बाजू सेकंदाला सुमारे साडेतीन वेळा उसळू पाहते; आरामदायी प्रवासी गाडीत हा आकडा साधारण १ ते दीड असतो. ज्या मऊपणासाठी सारा खटाटोप केला, तोच हातून गेला.

पाट्यांनी या अडचणीवर जुनाच तोडगा काढलेला आहे. मालवाहू गाडीत मुख्य पाट्यांपासून वेगळा ठेवलेला हेल्पर पाटा रिकाम्या गाडीत कामच करत नाही. माल भरून गाडी खाली बसली की तो टेकतो आणि तेथून पुढे कडकपणा वाढतो. कंपन्यांचा कलही हेच सांगतो. टोयोटाची हायलक्स आणि फॉर्च्युनर एकाच घडणीच्या चेसीवर बेतलेल्या आहेत, परंतु माल वाहणाऱ्या हायलक्सला मागे पाटे आहेत आणि माणसे वाहणाऱ्या फॉर्च्युनरला कॉइल. थारलाही २०२० च्या नव्या आवृत्तीत मागे कॉइल आली, पण तिच्यासोबत दांडे आणि चेसीही नव्याने आखली गेली.

पाटा म्हणजे मागास तंत्र, हेही खरे नाही. अमेरिकेतील कॉर्वेट या वेगवान गाडीने १९६३ पासून २०१९ पर्यंतच्या आवृत्त्यांत मागे आडवा पाटा वापरला. कॉइलओव्हर तिच्याकडे २०२० च्या आवृत्तीत आले. तिच्यात ॲक्सल धरण्याचे काम मात्र पाट्याकडे नव्हते.

दुरुस्तीत पाट्याची बाजू वरचढ ठरते. पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदणीतून गाडी गेली की चिखल पाट्यांच्या मध्ये शिरतो, वाळून घट्ट होतो, गंज धरतो आणि मग प्रत्येक खड्ड्यात कुरकुर ऐकू येते. अशा गाडीचे पाटे एकमेकांवर घसरतच नाहीत, सगळे मिळून एका जाड पट्टीसारखे वागतात, आणि मालक म्हणतो की पाट्यांची गाडी कडकच असते. पाटे उतरवून, तारेच्या ब्रशने घासून, ग्राफाइटचे ग्रीस लावून, झिजलेले बुश व शॅकल बदलून आणि चांगला शॉकअप लावून पाहावे. निम्म्या लोकांना त्यानंतर कॉइलओव्हरची आठवणही राहणार नाही. पॅराबोलिक पाटे मिळत असतील तर आणखी उत्तम, कारण त्यांत पट्ट्या कमी असतात आणि त्या बहुतांशी फक्त टोकांशी व मध्यभागी टेकतात. खालचा एखादा पाटा तुटला तरी गाडी हळूहळू तालुक्यापर्यंत येते. कॉइलओव्हरचे सील फुटले किंवा दांडा वाकला, तर मात्र सुटा भाग मिळण्याची वाट पाहत गाडी उभी राहते. आट्यांत वाळलेली काळी माती कडे फिरूच देत नाही, ती गोष्ट निराळीच.

तरीही कॉइलओव्हर निरुपयोगी आहेत असे मी म्हणणार नाही. गाडी हलकी असेल, तिच्यावरचे वजन फारसे बदलत नसेल, दांड्यांची रचना आधीच असेल किंवा चेसी नव्याने बांधली जात असेल, आणि उंची व शॉकअपचा ताण बारकाईने जुळवायचा असेल, तर त्यांना तोड नाही. शर्यतीच्या किंवा खास खडकाळ वाटांसाठी बांधलेल्या गाड्यांत ते म्हणूनच दिसतात. रस्त्यावरच्या नोंदणीकृत गाडीसाठी मात्र मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ लक्षात ठेवावे. मूळ उत्पादकाने ठरवलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलाशी विसंगत फेरफार करण्यास ते मनाई करते, आणि अपघातानंतर विमा कंपनीही हाच मुद्दा पुढे करू शकते. चेसीला वेल्डिंग करण्यापूर्वी आरटीओत विचारणा करावी.

पाटेच ठेवायचे ठरले, तर मिस्त्रीला काही गोष्टी आवर्जून सांगाव्यात. तुटलेला पाटा वेल्डिंगने जोडू देऊ नये आणि बसलेल्या पाट्याला गॅसच्या ज्योतीवर लाल करून वाक देऊ देऊ नये, कारण त्यामुळे पोलादाचे पाणी (त्याला दिलेला कणखरपणा) उतरते आणि पाटा पुन्हा लवकर बसतो किंवा तुटतो. डोळ्यांतील रबरी बुशांचे बोल्ट गाडी जॅकवर असताना पूर्ण आवळू नयेत; चाके जमिनीवर टेकवून, गाडीचे वजन पाट्यांवर आल्यावरच शेवटचा ताण द्यावा, नाहीतर रबर कायमचे पिळलेले राहून फाटते. यू-बोल्ट मात्र काही दिवस गाडी चालवल्यानंतर पुन्हा एकदा तपासून आवळावे लागतात.