अल्सर आणि बिचारी मिरची

"इतकं तिखट खाऊ नकोस, अल्सर होईल!" हे घरोघरी ऐकू येतं. ठेच्याने जळजळ होईल, जठरात आधीच व्रण (म्हणजेच अल्सर) असेल तर दुखेलही. पण व्रण पाडणं हे मिरचीचं काम नव्हे. जठरात मुळातच हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, आणि चिकट श्लेष्माचा थर अस्तराला त्यापासून वाचवतो. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू त्या थरात शिरून अस्तर सुजवतो, आणि मग तिथे व्रण पडू शकतो. हे पटवून देण्यासाठी ऑस्ट्रेलियाचे डॉक्टर बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये हे जिवाणू चक्क पिऊन टाकले. थोड्याच दिवसांत जठरदाह! (घरी करून बघू नये.) २००५ मध्ये त्यांना रॉबिन वॉरन यांच्यासह नोबेल मिळालं. दुसरा आरोपी औषधाच्या डब्यात असतो: अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेनसारख्या वारंवार घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या.